पावणेनऊ इंच म्हणजे किती सूत?

शिवणवर्गात ब्लाउजचं कटिंग आधी कापडावर शिकवत नाहीत, जुन्या वर्तमानपत्रावर शिकवतात. छाती ३५ आली की तिचा चौथा भाग काढायचा. कधीच शाळेत न गेलेली बाई पस्तिसावर टेप धरते, दोनदा घडी घालते आणि बोट ठेवते : पावणेनऊ. अगदी बरोबर. अडतं ते पुढे. हेच माप वहीत लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. कुणी मोबाइलवर भागाकार करून दाखवला तर पडद्यावर ८.७५ येतं, आणि ‘आठ पंच्याहत्तर’ टेपवर कुठे शोधायचं हे कळत नाही. आठाच्या पुढे सहा सूत मोजले की पावणेनऊ होतात, हे तिला पक्कं ठाऊक असतं. दशांशचिन्हाशी मात्र तिची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

निरक्षराला हिशेब येत नाही, असं आपण धरूनच चालतो. गवंडी तीन-चार-पाच फुटांच्या खुणा करून दोरीने काटकोन काढतो. पायथागोरसचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता केलेले त्यांचे हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर निघाले. तसेच हिशेब कोऱ्या आकड्यांत मांडून दिले तेव्हा ३७ टक्केच जमले. मुलं पाचच होती, म्हणून निष्कर्ष फार ताणू नये. पण आपल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, अडीचकी घोटून घेत, त्यामागचं शहाणपण हेच होतं : बाजारात लागतं ते आधी.

तोंडी हिशेब पक्का असला तरी कर्ज, मजुरी, पावती हे सगळं कागदावर ठरतं. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांना हे रिझर्व्ह बँकेनेच दाखवून दिलं. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. मग गावात वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी बायका पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही मुदलाचं व्याज आम्हाला विचारा. तुमच्या साहेबांनीही ते कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा आली, आणि ती बसमधून गावोगावही फिरू लागली. या बायका अक्षरांसाठी अक्षरं शिकल्या नव्हत्या. त्यांना परवाना हवा होता.

धंद्याच्या हाताने अक्षर शिकवायचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. मार्च १९६७ मध्ये मुंबईत वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. १९३९ पासून प्रौढशिक्षणात असलेल्या मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ते चालवायला घेतलं. कामगाराला एकाच छताखाली कसब, सामान्य ज्ञान आणि लिहिणं-वाचणं मिळावं, ही कल्पना. २००० मध्ये या केंद्रांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळालं. निरक्षर, नवसाक्षर आणि मध्येच शाळा सुटलेले लोक हाच त्यांचा मुख्य विद्यार्थीवर्ग. आयटीआयचं दार दहावी किंवा निदान आठवी झालेल्यालाच उघडतं, म्हणून ही सोय मोलाची.

श्रमिक विद्यापीठ सुरू झालं त्याच सुमारास युनेस्कोने अकरा देशांत ‘कार्यात्मक साक्षरते’चा प्रयोग केला होता. १९७६ मध्ये त्याचा परखड आढावा निघाला. उत्पादन वाढवण्यापुरतंच शिकवलं, माणसाच्या बाकीच्या आयुष्याकडे पाहिलं नाही, अशी त्यातली मुख्य तक्रार. मला ती पटते. फक्त ब्लाउजची मापं वाचता आली आणि करारनाम्यातली अट वाचता आली नाही, तर शिकवण्यात काहीतरी राहून गेलं.

आजची अडचण निराळी, आणि बरीचशी कारकुनी आहे. २०२२-२७ साठी केंद्राने नवभारत साक्षरता कार्यक्रम आणला. ‘उल्लास’ हे त्याचंच नाव. त्याच्या कागदांत संख्याज्ञानाशेजारी व्यावसायिक कौशल्यंही आहेत. परीक्षा १५० गुणांची : वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. कसबाला गुण नाहीत. आणि जनशिक्षण संस्थानं २०१८ मध्येच मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेली. अक्षरं एका मंत्रालयात, शिवणयंत्र दुसऱ्या. घरचं सगळं आवरून बाईला दोन्ही वर्ग जमत नाहीत; मग ती ज्यातून चार पैसे सुटतात तो धरते. यात तिचं काही चुकत नाही. शिवणाच्याच वर्गात रोज वीस मिनिटं मापवही, पावतीबुक आणि मोबाइलवरच्या व्यवहारांच्या नोंदी वाचायला ठेवावीत, आणि त्या वेळेचं मानधन शिवणशिक्षिकेला मिळावं. खर्च किरकोळ आहे. कुठल्या मंत्रालयाने करायचा, एवढंच ठरवायचं राहिलंय.