आमच्या माघारी कोण?

अपंगत्व असलेल्या व्यक्तीला लागणाऱ्या मदतीचा विचार महाराष्ट्रात बहुतेकदा प्रमाणपत्र, कुबडी, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र आणि मासिक अनुदान यांपाशी येऊन थांबतो. या गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु ज्या माणसाला भूक लागल्याचे किंवा पोटात दुखत असल्याचे शब्दांत सांगता येत नाही, अनोळखी आवाजाने ज्याचा थरकाप होतो आणि ज्याला आयुष्यभर कोणाच्या तरी हाताची गरज असते, त्याला या सर्वांआधी त्याला ओळखणारे, त्याच्यापाशी टिकून राहणारे एक माणूस हवे असते. बौद्धिक अक्षमता म्हणजे समजून घेण्याच्या, शिकण्याच्या आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याच्या क्षमतेवर बालपणापासून असलेली मर्यादा. स्वमग्नता म्हणजे संवाद साधण्याची आणि आवाज, प्रकाश, स्पर्श अनुभवण्याची जन्मतः वेगळी रीत. तर सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होणे. या तिन्ही अवस्थांत औषधाचा वाटा मर्यादित असतो आणि माणसांचा वाटा फार मोठा असतो.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशभरातील या व्यक्तींपैकी दोन तृतीयांशाहून अधिक ग्रामीण भागात राहतात, म्हणजेच हा प्रश्न मोठ्या शहरांतील विशेष शाळांपेक्षा पैठण तालुक्यातील बिडकीनसारख्या गावांचा अधिक आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे बाजारपेठेचे गाव आज वेगाने बदलत आहे. बिडकीन आणि शेजारच्या गावांची शेतजमीन संपादित करून उभारलेले 7,855 एकरांचे औद्योगिक क्षेत्र 29 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. शेती असलेल्या घरात कोणी ना कोणी दिवसभर घराच्या किंवा बांधाच्या आसपास असते आणि बोलता न येणाऱ्या मुलावर आजी, काकू, शेजारीण यांची नजर आपोआप राहते. घरातली कर्ती माणसे पाळीच्या नोकरीवर जाऊ लागली की ही नजर उरत नाही. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण त्याच व्यवस्थेत अशा मुलाला ‘येडं’ म्हणून हाक मारली जाई, पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवले जाई आणि त्याच्या जन्माचा दोष आईच्या माथी मारला जाई. गावाकडे नाते होते, पण समज नव्हती. पुढे संस्था आल्या, त्यांनी समज आणली, परंतु तेथे नाते बदल्यांवर आणि कंत्राटांवर अवलंबून राहिले.

नाते आणि समज यांची सांगड घालण्याचा एक शिस्तबद्ध प्रयत्न अमेरिकेतील नेब्रास्का येथे जॉन मॅकगी या मानसशास्त्रज्ञाने केला आणि 1987 मध्ये सहकाऱ्यांसह त्यावर पुस्तक लिहिले. त्या काळी स्वतःचे डोके भिंतीवर आपटणाऱ्या किंवा इतरांना चावणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तींना शिक्षा करून, कोंडून किंवा बांधून ‘वळण लावणे’ ही अनेक संस्थांची मान्य पद्धत होती. मॅकगी यांचे म्हणणे असे की असे वर्तन हा हट्ट नसून भीतीचा किंवा वेदनेचा उद्गार असतो, आणि म्हणून काळजीवाहकाने प्रथम स्वतःचे वर्तन बदलले पाहिजे. काळजीवाहकाची साधने चार: हात, डोळे, शब्द आणि सोबत. हात ओढण्यासाठी किंवा दाबून धरण्यासाठी न वापरता आधारासाठी वापरायचा, नजरेत दरारा ठेवायचा नाही, शब्द हुकमाचे नसावेत, आणि कोणतेही काम करवून घेण्याची घाई न करता नुसते शेजारी बसण्यालाही मोल आहे हे मानायचे. या माणसापाशी आपण सुरक्षित आहोत आणि याला आपण हवे आहोत ही खात्री पटली की मगच ती व्यक्ती स्वतःहून माया करू लागते आणि कामात रस घेऊ लागते, असा या पद्धतीचा क्रम आहे. वरवर पाहता हे कोणत्याही मायाळू आजीला ठाऊक असलेले ज्ञान वाटते. पण रात्रपाळीत दहा-बारा जणांना एकटीने सांभाळणाऱ्या, तुटपुंज्या पगारावरच्या सेविकेकडून ते घडावे अशी अपेक्षा असेल, तर तिला प्रशिक्षण, पुरेसा मोबदला आणि विश्रांती द्यावीच लागते. करुणा ही उपजत असते असे मानून तिचे वेतन न देणे हा फार मोठा अन्याय आहे.

बांधून ठेवण्याचा शेवट कोठे होतो, हे 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले, जेथे साखळ्यांनी जखडलेले 28 मनोरुग्ण आगीतून पळू न शकल्याने मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधण्यास आता पूर्ण मनाई केली आहे.

महाराष्ट्रात नात्यावर उभ्या राहिलेल्या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात, वज्झर येथे आहे. गाडगेबाबांच्या विचारांचे अनुयायी शंकरबाबा पापळकर यांनी तेथील अंबादासपंत वैद्य बालगृहात रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर आणि रस्त्यांवर टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांचा सांभाळ केला आणि शंभराहून अधिक मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. ही केवळ कागदोपत्री सोय नव्हती. ज्याला कोणीच नाही त्याला घराणे देणे हा त्या कामाचा गाभा होता. मोठी झालेली मुले-मुली लहानांना आणि अंथरुणावर असलेल्यांना सांभाळतात, अनेकांचे विवाह तेथेच लावून देण्यात आले आणि त्या मुलांच्या हातांनी वज्झरच्या उघड्या टेकडीवर हजारो झाडे उभी राहिली. जळगाव रेल्वे स्थानकावर अर्भकावस्थेत सापडलेली तेथील अंध कन्या माला पापळकर 2024 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. तरीही मालाच्या यशावरून वज्झरचे मोजमाप करणे योग्य ठरणार नाही. परीक्षा कधीच न देऊ शकणाऱ्या, घास भरवावा लागणाऱ्या मुलालाही तेथे तेच आडनाव मिळाले, यात त्या कामाची खरी थोरवी आहे.

शंकरबाबांचा एक आग्रह कायद्याशी संबंधित आहे. बालन्याय कायद्यानुसार बालगृहातील मूल 18 वर्षांचे झाले की ते ‘बालक’ राहत नाही आणि त्याला गृह सोडावे लागते, पण गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या अनाथाला त्या दिवशी जायला जागाच नसते. म्हणून अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा व्हावा, अशी मागणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत उभा असतो: ‘आमच्या माघारी याचं कोण बघणार?’ याच चिंतेतून पालकांनी एकत्र येऊन बदलापूर येथे ‘आधार’ हे प्रौढ मतिमंदांचे आजीवन निवासी केंद्र उभे केले. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हास्तरीय समितीला दिला आहे आणि ‘निरामय’ या योजनेत त्यांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो; मात्र मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडिलांनाही पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, ही गोष्ट ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचवणे आवश्यक आहे.

नात्यावर आधारित काळजीला एक गंभीर धोकाही आहे आणि तो झाकून ठेवणे अपंग व्यक्तींच्या हिताचे नाही. फ्रान्समध्ये 1964 साली ज्याँ व्हानिए यांनी बौद्धिक अक्षम व्यक्तींसह एकाच घरात राहण्याचा ‘लार्श’ हा प्रयोग सुरू केला आणि तो जगभर पसरला. भारतात 1970 मध्ये बेंगळुरूला ‘आशा निकेतन’ उघडले. व्हानिए यांच्या मृत्यूनंतर 2020 मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत, त्यांनी अनेक अपंग नसलेल्या स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले आणि संस्थेने ते स्वतः जाहीर केले. प्रेमाच्या नावाने चालणाऱ्या घरातही बाहेरची तपासणी, तक्रारीची सोय आणि एकाच व्यक्तीच्या हाती सर्व सत्ता न राहण्याची व्यवस्था लागते. जी व्यक्ती बोलून तक्रार करू शकत नाही तिच्या बाबतीत तर ती अधिकच लागते.

बिडकीनच्या संदर्भात पाहिले तर साधने अगदीच नाहीत असे म्हणता येत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 21 प्रकारच्या अक्षमतांना मान्यता दिली आहे, महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. हा निधी वस्तूंच्या वाटपातच संपवण्याऐवजी त्यातून गावातील दोन-तीन स्त्रियांना काळजीवाहक म्हणून प्रशिक्षण आणि मानधन देता आले, त्यांनी दिवसा काही तास मुलांना सांभाळले, तर आईला शेतावर किंवा कारखान्यात कामाला जाता येईल आणि मुलाला घराबाहेरचे एक ओळखीचे माणूस मिळेल. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांना ही घरे आधीच माहीत असतात, त्यामुळे सुरुवात त्यांच्या यादीपासून करता येते. त्याच 2016 च्या कायद्यात, खाजगी उद्योगांतील किमान पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत यासाठी शासनाने उद्योगांना प्रोत्साहन द्यावे, अशी तरतूद आहे. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात येणाऱ्या अनेक कारखान्यांची भरती अजून व्हायची आहे. गावकऱ्यांनी, पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही तरतूद पुढे करून, बांधणीची, वेचणीची, बागेची कामे करू शकणाऱ्या मुलांसाठी जागा आणि त्यांना काम शिकवत सोबत राहणारा एक मार्गदर्शक, या दोन्हींची मागणी आताच करावी.