पातेल्याचे बूड काळे का झाले?

गेल्या दिवाळीची गोष्ट. चिवडा झाला होता, शंकरपाळे डब्यात गेले होते आणि चकलीचा पहिलाच घाणा कढईत पडला होता. एवढ्यात शेगडीची ज्योत दोनदा लुकलुकली आणि विझली. मी ओसरीवर एक दिवाळी अंक चाळत बसलो होतो. आतून आवाज आला, "अहो, महिना व्हायला अजून दोन दिवस आहेत, आणि टाकी संपलीसुद्धा!"

कोपऱ्यात दुसरी टाकी भरलेली होती म्हणून चकल्या वाचल्या. पण सौ.च्या मनातला हिशेब काही संपला नाही. पूर्वी आमच्याकडे एक टाकी चाळीस दिवसांच्या आसपास चालत असे. माणसे तीच, जेवण तेच, पाहुणेही साधारण तेच. मग वरचे दिवस गेले कुठे? गॅस कमी भरून देतात, असा तर्क मी एखाद्या संपादकाच्या थाटात मांडला. तो खोडून काढायला आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पुरेशा झाल्या.

त्या राखेचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "सर, तुमच्या गॅसनं गंज काळे होऊन राहिले जी. आमची चूल जाळ्याची, तिचं समजते. गॅसचं बूड कायले काळं व्हावं?"

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या भागात पातेल्याला गंज म्हणतात. आणि आमचा भाग म्हणजे चामोर्शी. गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची देवळे आमच्याच तालुक्यात. भाताची शेते संपली की जंगल सुरू होते, आणि मावशींचे गाव नेमके त्या सीमेवर आहे. मी येथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. पातेल्याचे बूड काळे का होते, हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून आमचे पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आहेत, त्यांना रविवारी चहाला बोलावले. चहा त्यांना मिळाला, पण त्याआधी शेगडी दाखवण्यात आली.

त्यांनी ज्योत पाहिली. निळी असायला हवी तिथे टोके पिवळी होती, आणि आळशी विद्यार्थ्यासारखी ती डोलत होती. ते म्हणाले, "हवा कमी पडते आहे."

आता हवेचे गणित असे आहे. टाकीवरच्या रेग्युलेटरमधून गॅस बाहेर पडतो तो अगदी थोड्या दाबाने, सुमारे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या. तो बर्नरच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जेटच्या बारीक छिद्रातून झोताने सुटतो आणि जाताना भोवतालची हवा आपल्याबरोबर नळीत ओढून नेतो. एक माप गॅस पुरता जळायला २५ ते ३० मापे हवा लागते. तिच्यातली काही अशी आधीच मिसळते आणि उरलेली ज्योतीला बाहेरून मिळते. जळण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळायची, ही युक्ती १८५५च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेच्या दिव्यात रूढ केली. आपण सकाळी चहा ठेवतो तो त्याच दिव्याच्या पणतवंडावर. मिसळ नीट झाली तर ज्योत निळी आणि ताठ राहते. हवा कमी पडली तर गॅसमधला कोळसा अर्धवट जळतो, तापून पिवळा दिसतो आणि पातेल्याच्या बुडाला जाऊन बसतो. मावशी रोज राखेने घासून काढत होत्या ती काजळी म्हणजे आम्ही पैसे देऊन घेतलेले आणि न जाळलेले इंधन होते.

"जेटला कोणी हात लावला होता का?" सहकाऱ्यांनी विचारले.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. झाले होते असे की, श्रावणात एकदा दूध उतू जाऊन बर्नर नीट पेटेना. मिस्त्रीला कशाला बोलवायचे, म्हणून मी बर्नर काढला आणि गोधडी शिवायच्या सुईने जेटचे छिद्र चांगले कोरून साफ केले. ज्योत भरघोस झाली. त्या दिवशी मी घरात थोडा मिरवलोही होतो.

जेटचे छिद्र एक मिलिमीटरही नसते, आणि जेट असतो पितळेचा. पितळ मऊ, सुई पोलादाची. छिद्राची रुंदी दहा टक्क्यांनी वाढली तर त्यातून जाणारा गॅस एकवीस टक्क्यांनी वाढतो, कारण क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने वाढते. गॅस वाढला, पण हवा त्या मानाने वाढली नाही. शिवाय ज्योत लांब होऊन पातेल्याच्या कडेने वर जाऊ लागली आणि स्वयंपाकघर तापवू लागली. यातली गंमत अशी की, पाणी पूर्वीपेक्षा लवकर तापत असे. त्यामुळे शेगडी बिघडली आहे, अशी शंकाच आम्हांला आली नव्हती.

"घड्याळ वेळ मोजते, गॅस मोजत नाही. गॅस मोजायचा तर तराजू हवा," सहकारी म्हणाले. त्यांच्यातला शिक्षक आता जागा झाला होता.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. टाकी उभीच त्याच्यावर ठेवली आणि नळी तशीच जोडलेली राहू दिली. झाकणाच्या पातेल्यात चार-चार लिटर पाणी पाच वेळा तापवले, दर वेळी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत. ते तापलेले पाणी वाया गेले नाही. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची डोक्यावरून अंघोळ झाली, आणि आमच्या सहकाऱ्यांनाही आग्रह झाला होता. वीस लिटर पाण्याने ६५ अंश चढायला १,३०० किलोकॅलरी उष्णता घेतली. काट्यावर टाकी २४० ग्रॅमने हलकी झाली. किलोभर गॅसमध्ये सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात, तेव्हा २४० ग्रॅममध्ये झाल्या २,६००च्या वर. म्हणजे जेमतेम निम्मी उष्णता पाण्यात गेली होती. निम्मी आमच्या भिंतींना, छताला आणि सौ.च्या कपाळाला!

नव्या शेगडीकडून काय अपेक्षा असते, तेही सांगतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४२४६ या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असायला हवी. तपासणीची रीतही आमच्या रविवारच्या उद्योगासारखीच आहे, म्हणजे अॅल्युमिनियमचे झाकणाचे भांडे, मोजलेले पाणी, ९० अंशांपर्यंत तापवणे. फक्त ती प्रयोगशाळेत होते आणि तिथे मध्येच कोणी चहा मागत नाही. हा आकडा वर नेण्यासाठी देशात मोठी माणसे खपत आहेत. गुवाहाटीच्या आयआयटीत सच्छिद्र चिनीमातीच्या थरात गॅस जाळून तो थर लाल तापवणारे बर्नर तयार झाले आहेत. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने नळाने येणाऱ्या गॅससाठी वेगळा बर्नर काढला, कारण टाकीच्या गॅसची शेगडी त्या गॅसवर तशीच वापरली तर बरीच उष्णता फुकट जाते. आणि आमच्या विदर्भालाही या बाबतीत परंपरा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' निघाली. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी आणि धूर धुराड्याने बाहेर, हे तिचे सूत्र होते.

आमच्यासाठी मात्र मिस्त्री पुरला. त्याने कोरलेला जेट काढून मूळ मापाचा बसवला, नळीतला मळ ब्रशाने काढला, बर्नरची पितळी टोपी धुऊन तिची छिद्रे मोकळी केली आणि नीट कोरडी करून बसवली. रबरी नळीला साबणाचा फेस लावून गळती नाही हे पाहिले. पुढच्या रविवारी पुन्हा काटा आणला. तेच पातेले, तेवढेच पाणी. या वेळी १९० ग्रॅम! म्हणजे कार्यक्षमता त्रेसष्टच्या आसपास आली. शेगडी बारा वर्षांची आहे. तिच्याकडून याहून अधिक मागणे मलाच बरे वाटले नाही.

सौ.ला एवढ्याने समाधान नव्हते. तिने झाकण काढून तेच पाणी पुन्हा तापवायला लावले. २१० ग्रॅम लागले. तेव्हा सहकाऱ्यांनी जे सांगितले ते मला सगळ्या प्रकरणात मोलाचे वाटते. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला ७५ किलोकॅलरी लागतात. तेच पाणी उकळवून वाफेत घालवायला आणखी ५४० लागतात, म्हणजे सातपट! आणि उकळी एकदा आली की आच कितीही मोठी ठेवा, उघड्या पातेल्यातले पाणी शंभराच्या वर चढत नाही. म्हणजे डाळ खळखळ उकळते म्हणून लवकर शिजते, हा निव्वळ भ्रम. ती शिजते तेवढीच, आपण मात्र वाफ तयार करत बसतो. उकळी आली की आच मंद करायची आणि झाकण ठेवायचे, याने जे वाचते ते गुवाहाटीच्या बर्नरनेही वाचणार नाही. प्रेशर कुकर घरोघर गेला तो याच हिशेबावर. त्यात वाफ कोंडली जाते आणि पाण्याचे तापमान शंभराच्या वर चढते. पण शिट्ट्या मोजत आच मोठीच ठेवली तर त्यातलाही फायदा शिट्टीवाटे उडून जातो. चहाचे छोटे भांडे मोठ्या बर्नरवर ठेवून ज्योत त्याच्या कानापर्यंत नेणे, ही तर आमच्या घरातली जुनी सवय. ती कोणाची, हे मी येथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मी गॅस वाचवणारी म्हणून एक छिद्रांची पत्र्याची तबकडी घेतली होती. ती बर्नरवर ठेवायची असे विक्रेत्याने सांगितले होते. सहकाऱ्यांनी ती पाहताक्षणी बाजूला केली. ज्योतीला बाहेरून मिळायची हवा अशा पत्र्याने अडते, आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. बंद स्वयंपाकघरात तो जीव घेऊ शकतो. पातेले बर्नरच्या फार जवळ टेकवले तरी तसेच होते. ज्योत थंड बुडावर आपटून अर्धवट विझते. शेगडीच्या जाळीची उंची कारखान्याने विचार करून ठेवलेली असते, ती आपण ठोकून कमी करू नये. ती तबकडी आता तुळशीच्या कुंडीखाली आहे.

हा सगळा सोहळा मावशी दारातून पाहत होत्या. मी त्यांना झाकणाचे आणि मंद आचेचे महत्त्व मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तांदूळ भिजवून ठेवतो जी आम्ही. उकळी आली का लाकडं मांगं ओढतो. गंज निखाऱ्यावर राहते, झाकून. सरपण डोक्यावर आनलं का मानूस असंच शिकते."

मी गप्प झालो. साध्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यात जाते, असे पुस्तके सांगतात. बाकीचे सारे ओझे फुकट वाहिलेले. आणि आमच्याकडे ओझ्याचा प्रश्न पाठीपुरता नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात सरपणाला किंवा मोहफुले वेचायला गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातल्याची बातमी आम्ही दर वर्षी वाचतो. त्या बाया कोणी परक्या नसतात. पहाटे पाचसहाजणी मिळून, मोठमोठ्याने बोलत जातात, आणि संध्याकाळी सगळ्या परतल्या का ते मोजतात.

"पण तुमच्याकडे गॅस आहे ना?" सौ.ने विचारले. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, त्यानंतर त्यांनाही जोडणी मिळाली होती.

"हाय ना मॅडम. पन टाकी भरायची म्हनजे किती रोज गेले मोजा. सकाळच्या चहापुरता लावतो. आता तर तो बी भडकते. पिवळा होते, फडफड करते. भेव वाटते. म्हनून दोन महिन्यांपासून बंदच हाय."

सहकारी चहाचा कप खाली ठेवून उठले. "उद्या बर्नर काढून घेऊन या. टाकी नको, फक्त बर्नर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पदराखालून पिशवी काढली. बर्नर नवाच दिसत होता, फारसा वापरलेला नव्हता. सहकाऱ्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि त्यांना हसू आले. आत कोळ्याने घर केले होते. पांढरे, दाट, कापसाच्या बोळ्यासारखे. शेगडी बरेच दिवस पडून राहिली की नळीची ती आडोशाची जागा कोळ्यांना आणि किड्यांना आवडते. जाळ्याने नळी बुजली की हवा आत जाऊ शकत नाही, आणि कधीकधी ज्योत जेटपाशीच मागे पेटते. मावशींना भीती वाटली ती उगीच नव्हती.

बाटली धुवायच्या ब्रशाने नळी दोन मिनिटांत साफ झाली. सौ.ने जुने झाकण आणि अडीच लिटरचा एक पडून असलेला कुकर नवी रिंग घालून त्यांना दिला. मिस्त्री त्यांच्या गावाकडे जाणारच होता. त्याने जेट पाहिला, रबरी नळी बदलली आणि मजुरी घेतली नाही.

आठ दिवसांनी मावशी आल्या तेव्हा मी मुद्दाम विचारले, ज्योत कशी आहे?

"निळी हाय जी," त्या म्हणाल्या. "सकाळचा भात गॅसवर, सांजचा चुलीवर. रानात आता एक दिवस आड जातो." आणि त्यांनी मोरीतले पातेले उचलून उलटे केले, बुडावरून बोट फिरवले आणि ते बोट आम्हांला दाखवले.