पिंजऱ्यातली हजार लिटरची टाकी

लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसविलेली जी पांढरी चौकोनी टाकी कारखान्यातून भंगारवाल्याकडे आणि तेथून हौशी बागवानांच्या अंगणात येते, तिच्यात सुमारे १००० लिटर द्रव मावत असल्याने पाण्याने भरताच तिचा भार एक टनाहून अधिक होतो. म्हणून गच्चीवर ती चढविण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला अगत्याचा आहे. तोटी उघडताना वरचे झाकण सैल करावे, अन्यथा आतील दाब घटून भिंती आत ओढल्या जातात. परंतु माझ्या मते खरा दस्तऐवज म्हणजे आधी तिच्यात काय भरले होते हे सांगणारे तिच्यावरील मूळ लेबल, कारण प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन कितीही धुतले तरी निःशेष जाईल याची हमी नाही. लेबल नसलेली टाकी पिण्याच्या पाण्यासाठी कदापि घेऊ नका.