भीमाशंकरचे जंगल आणि चाकणचे पाणी

खेड तालुक्याच्या पूर्व भागात चाकणची औद्योगिक वसाहत आहे आणि त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे जंगल सुरू होते. दोहोंत सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरचे अंतर आहे. तरीही चाकणला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर भीमाशंकरला तो तीन हजारांच्या घरात जातो. वर्षावन म्हटले की आपल्याला अ‍ॅमेझॉन आठवते, फार तर अंदमान किंवा केरळ. आपल्या पठाराचा त्याच्याशी संबंध नाही, हा पहिला गैरसमज. अंदमानसारखे उंचच उंच वर्षावन इथे नाही, हे खरे. इथे सात-आठ महिने कोरडे जातात, म्हणून झाडे बुटकी राहतात. पण अंजनी, जांभूळ, पिसा यांची दाट, बारमाही हिरवी छत्री माथ्यावर टिकून आहे. सलग जंगल मात्र उरलेले नाही. आहुपेसारख्या देवराया आणि घाटमाथ्यावरचे काही पट्टे एवढीच या रानाची बेटे शिल्लक आहेत. माझ्या मते उद्योगपट्ट्याची सर्वांत मोलाची नैसर्गिक संपत्ती हीच बेटे आहेत, पण ती नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कारणासाठी नव्हे.

नेहमीचे कारण म्हणजे ‘जंगल आहे म्हणून पाऊस पडतो’, आणि हा दुसरा गैरसमज. सह्याद्रीच्या बाबतीत हे उलटे आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगराच्या भिंतीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि बरसतात. तेच वारे पूर्वेला उतरताना कोरडे होतात, म्हणून चाकण पर्जन्यछायेत येते. अ‍ॅमेझॉनसारखे खंडभर पसरलेले जंगल स्वतःच्या बाष्पातून पाऊस घडवते. घाटमाथ्याच्या अरुंद पट्ट्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय झाडे स्वतःही पाणी पितात, त्यामुळे जंगल राखल्याने नदीत वर्षभराचे एकूण पाणी वाढतेच असे नाही. मग उपयोग काय? उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेला आपला काळा बेसाल्ट पाणी फारसे धरत नाही. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. उघड्या उतारावर तो मातीसकट धावत सुटतो, तर पालापाचोळा आणि मुळांच्या जाळ्यात त्याचा वेग मोडतो व पाणी मुरायला अवधी मिळतो. म्हणजे जंगल पाणी निर्माण करत नाही. ते पाण्याचा वेळ आणि गुणवत्ता सांभाळते.

यावर आक्षेप येतो की पाणी साठवायला धरणे आहेत, मग जंगल कशाला? याच उद्योगपट्ट्यातले पिंपरी-चिंचवड शहर पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते. मावळातले आंद्रा आणि खेडमधले भामा-आसखेड या धरणांवरही शहराची भिस्त आहे. या सगळ्या धरणांच्या नद्या घाटमाथ्याच्या डोंगरांतून येतात. धरण पाणी अडवते तसा गाळही अडवते, आणि गाळाने व्यापलेली जागा पाण्याला मिळत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी भरणाऱ्या शहराला हे वेगळे सांगायला नको. माथ्यावरची माती जागच्या जागी राहिली तरच खालच्या धरणाचे आयुष्य टिकते.

‘तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात तितकी झाडे लावली की झाले’ हा तिसरा गैरसमज. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडे हिरवी दिसतात, पण ते जंगल नव्हे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये ज्याच्यासाठी जाहीर झाले, त्या शेकरूकडेच पाहा. राज्याचा हा मानाचा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर झेप घेतो आणि काटक्या-पानांची घरटी एकाऐवजी अनेक झाडांवर बांधतो. फांद्यांना फांद्या भिडलेल्या नसतील, तर रुंद रस्ताही त्याच्यासाठी सीमा ठरतो. बेट लहान होत गेले की जाती कमी होतात, आणि रोपांची संख्या मोजून ती हानी भरून निघत नाही.

शेवटचा आक्षेप पोटापाण्याचा आहे: जंगल राखायचे तर माणसांनी बाहेर पडायचे का? अनुभव उलट आहे. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरांतले महादेव कोळी उन्हाळ्यात बाठ धरण्याआधीचा कोवळा बाळहिरडा गोळा करतात, तो काळा, सुरकुतलेला होईपर्यंत उन्हात वाळवतात आणि विकतात. उभे झाड दर वर्षी उत्पन्न देते, म्हणून ते तोडण्यात त्यांचे हित नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गावांना सामूहिक हक्कही दिले आहेत. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, त्यांत भीमाशंकर नाही. त्यामुळे जगाचे लक्ष जाईल या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. कारखान्यांनी आवारात झाडे जरूर लावावीत. पण सामाजिक जबाबदारीच्या निधीचा ठरावीक वाटा नदीच्या उगमाकडे, देवराया राखणाऱ्या आणि हिरडा विकणाऱ्या गावांकडे गेला पाहिजे. जो पाणी वापरतो, त्याने पाणलोटाची जबाबदारी उचलावी.