हरियाल नुसता हिरवा नसतो!

हरियाल हा आपला राज्यपक्षी. हिरवा असतो, एवढंच आपल्याला माहीत. पण रंगीत पेन्सिली घेऊन त्याचं चित्र काढायला बसा, मग कळेल! डोकं राखाडी, मान पिवळसर, खांद्यावर जांभळट छटा आणि पाय चक्क हळदीसारखे पिवळे. घाईत फोटो काढताना हे निसटतं. चित्र काढताना बघावंच लागतं.

सुरुवात फिकट रंगाने, हलक्या हाताने करायची. पिसांच्या दिशेने रेघा ओढत थर चढवायचे. डोळ्यातला चमकता ठिपका कोरा सोडायचा, कारण गडद रंग खोडरबरने पूर्ण जात नाही. 12 रंगांची साधी पेटीही पुरते.

हरियाल नाही दिसला, तर कॉलेजच्या कट्ट्याजवळची साळुंकी आहेच. तिच्या डोळ्यामागचा पिवळा चट्टा कधी नीट पाहिलाय?