अंगणात कासवाचे पिल्लू सापडल्यास

मृगाचा पाऊस स्थिरावला आणि बांध्यांमध्ये पाणी साचू लागले, की विद्यालयाच्या कार्यालयात एका विशिष्ट प्रकारचे दूरध्वनी येऊ लागतात. कधी पलीकडे माजी विद्यार्थी असतो, तर कधी एखाद्या विद्यार्थिनीची आई. "सर, सांदवाडीत कासवाचं पिल्लू सापडलं. टबात ठेवलं आहे. दूध पाजलं तर चालेल का?" या प्रश्नामागची करुणा आम्ही जाणतो. परंतु टब आणि दूध या दोहोंचाही त्या जिवाला उपयोग नाही, झाला तर अपायच आहे. दरवर्षी तेच उत्तर तुटक शब्दांत देण्यापेक्षा स्मरणिकेच्या निमित्ताने ते एकदा सविस्तर मांडावे, असे आम्हा शिक्षकांना वाटले.

प्रथम हे पिल्लू येते कोठून, ते पाहू. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि धानाच्या बांध्या ही मऊ पाठीच्या कासवाची हक्काची घरे आहेत. या कासवाच्या पाठीवर इतर कासवांसारखे खवल्यांचे कठीण तुकडे दिसत नाहीत; वरून गुळगुळीत कातडे असते. नाक लहानशा नळीसारखे पुढे आलेले असते, आणि पोटाकडील बाजूस कातड्याच्या झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की या झडपा त्यांच्यावर मिटतात. उन्हाळ्यात तलाव आटला की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेऊन पडून राहते. तलावांचा गाळ काढताना यंत्राच्या दात्याखाली जिवंत कासव निघते, ते याच कारणाने. मादी अंडी घालण्यासाठी मात्र पाणी सोडून मऊ, भुसभुशीत जमिनीवर येते. ती जमीन कधी तलावाची पाळ असते, कधी शेताचा धुरा, तर कधी आपल्या घरामागचा वाफा. अंडी मातीत बुजवून ती निघून जाते. पिल्ले कित्येक महिन्यांनी बाहेर पडतात, आणि पावसाने माती मऊ होणे त्यांच्या सोयीचे असते. म्हणून आषाढाच्या सुमारास रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असे एक कासव तुळशीच्या किंवा पेरूच्या बुंध्याशी चालताना दिसते. ते वाट चुकलेले नसते. ते पाण्याकडे निघालेले असते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पाखराचे पिल्लू घरट्यातून पडले तर त्याची आई जवळपास असते. माकडाचे किंवा मांजरीचे पिल्लू एकटे दिसले तर ते पोरके झाले असण्याची भीती असते. कासवाचे तसे नाही. आपल्याकडील कासवांत आई पिल्लांना सांभाळत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच मुळी एकटे. त्याच्या पोटाशी अंड्यातील बलकाचा उरलेला अंश असतो, त्यावर पहिले काही दिवस निघून जातात. सबब "बिचारे एकटे आहे, उपाशी आहे" या दोन्ही कल्पना आपल्या मनाच्या आहेत. धडधाकट पिल्लू निर्धोक जागी चालत असेल, तर त्याला चालू द्यावे आणि कुत्रे, मांजर, कोंबड्या व मुले यांना तासभर आवरून धरावे. बहुतेक वेळा एवढेच साहाय्य पुरेसे असते, आणि खरे सांगायचे तर तेच सर्वांत अवघड असते, कारण त्यात आपल्याला हातांनी काही करावयाचे नसते.

संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गात कासव आणि कोल्ह्याची उपमा आली आहे. कोल्ह्याला पाहून कासव आपली चार पाय व मान ही अंगे कवचात ओढून घेते आणि कोल्हा वाट पाहून कंटाळून निघून जातो. इंद्रियसंयमाच्या संदर्भात ही उपमा आपल्या वसतिगृहात अनेक पिढ्यांनी ऐकली असेल. नवजात पिल्लाच्या बाबतीत मात्र हा उपाय पुरा पडत नाही. त्याचे कवच अजून मऊ असते. कावळा ते चोचीने सहज फोडतो. म्हणूनच कधीकधी हस्तक्षेप करावा लागतो, आणि तो केव्हा करावा हे समजून घेतले पाहिजे.

पिल्लू रस्त्यावर असेल तर ते ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेच्या कडेला नेऊन सोडावे. उलट दिशेला ठेवल्यास ते पुन्हा रस्ता ओलांडावयास निघते. चारी बाजूंनी भिंत असलेल्या आवारात अडकले असेल, तर भिंतीबाहेर काढून सर्वांत जवळच्या तलावाच्या किंवा बोडीच्या काठी, उथळ आणि गवताळ जागी, शक्यतो सायंकाळी ठेवावे. सर्वांत जवळच्या, हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो, कारण मादी बहुधा तेथूनच आलेली असते. मोटारसायकलवरून पंचवीस किलोमीटर दूरच्या धरणावर नेण्यात पुण्य नाही. उचलताना दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरून, जमिनीपासून फार उंच न नेता उचलावे. शेपटीला किंवा पायाला धरून लोंबकळवू नये. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते आणि मोठे कासव जोराने चावते, हेही ध्यानात असू द्यावे. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात व लहान मुलांना त्यांचा त्रास होतो. अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 साली बंदी आली, ती याच कारणाने.

काही जण सापडलेले कासव भक्तिभावाने विहारातील हौदात किंवा गावच्या विहिरीत सोडतात. हा प्रकार थांबला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. विहिरीला उतरता काठ नसतो. वर येऊन बसण्यास जागा न मिळाल्याने प्राणी थकून मरतो. जमिनीवरचे कासव तर पाण्यात बुडतेच. पाय हत्तीच्या पायांसारखे खांबट आणि बोटांत पडदा नसलेले असतील, तर ते जमिनीवरचे समजावे. काळ्या घुमटदार पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर ते तारांकित कासव. गुजरात-राजस्थानचा पश्चिम भाग आणि दक्षिण भारत हे त्याचे मूळ प्रदेश. जगात ज्या कासवांची तस्करी सर्वाधिक होते त्यांत त्याची गणना आहे, आणि 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत त्याचा समावेश झाला. ते आपल्या अंगणात आढळले तर कोणाच्या तरी घरातून सुटले असण्याचा संभव अधिक. अशा वेळी कोठेही न सोडता वनविभागास कळवावे. कानाजवळ लाल पट्टा असलेले हिरवट कासव तर अमेरिकेतील आहे. शहरांतील दुकानांत ते काचेच्या टाकीसाठी विकले जाते, आणि मोठे झाल्यावर लोक ते तलावात सोडून मोकळे होतात. ते आपल्या कासवांचे अन्न व जागा बळकावते. ते पाण्यात सोडणे ही जीवदया नव्हे.

पिल्लू जखमी असेल तर मार्ग वेगळा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, तळाशी ओलसर सुती कापड अंथरून त्यात ठेवावे; खोके सावलीत व शांत जागी असावे. खोल पाणी देऊ नये. दूध, पाव, भात काहीही भरवू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांना दूध पचत नाही. तडकलेल्या कवचावर हळद, तेल वा चुना लावण्याचा मोह टाळावा. कवच म्हणजे कासवाने वर पांघरलेली पेटी नाही. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणाच त्यात गुंफलेला असतो, आणि त्याला वेदना जाणवतात. त्यावर रंगाने नाव लिहिणे किंवा भोक पाडून दोरी ओवणे हा क्रूरपणा आहे. जखमेवर माश्या बसू नयेत एवढी काळजी घेऊन महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

कायद्याची बाजूही पालकांनी जाणून घेतली पाहिजे. मऊ पाठीचे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, किमान 25,000 रुपये दंड आहे. वन्यप्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आल्यास 48 तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे, अशी तरतूद याच अधिनियमाच्या 39 व्या कलमात आहे. पिल्लास रस्त्याच्या कडेला नेणे वेगळे आणि "मुलांना आवडते" म्हणून चार महिने टाकीत ठेवणे वेगळे.

आणखी एका गोष्टीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. वीस नखांचे कासव गुप्तधन दाखवते, घरात कासव ठेवल्यास पैसा टिकतो, असे सांगणारे लोक अजूनही खेडोपाडी फिरतात आणि त्यापायी कासवे विकली जातात. मुलांना आम्ही नखे मोजावयास सांगतो, अर्थात चित्रावर. तारांकित कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे साधारणतः अठरा. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा. विसाचा हिशेब कशातच बसत नाही, आणि बसला असता तरी धन कोठून आले असते! बाबासाहेबांनी ज्या समाजाला बुद्धिनिष्ठेची वाट दाखविली, त्याच्या घरात तरी या भाकडकथेला थारा नसावा.

1926 वर बोलताना गावाचे व तालुक्याचे नाव, पिल्लू सापडल्याची नेमकी जागा व वेळ, जवळचे पाणी कोणते, आणि जखम कोठे आहे, एवढे सांगावे. शक्य असल्यास पाठीचे व पोटाचे एकेक छायाचित्र काढून ठेवावे. पोटाकडील झडपा त्यात दिसल्या म्हणजे जात ओळखणे सोपे जाते. छायाचित्रासाठी पिल्लू उलटे करावे लागले, तर क्षणभरच करून लगेच सरळ ठेवावे. कर्मचारी येईपर्यंत खोके वसतिगृहातील मुलांत फिरवू नये.