उरलेल्या गोळ्या आणि जंतूंची वाकळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकते. थोरल्याचा घसा सुजला होता तेव्हाच्या पेनिसिलिनच्या गोळ्या डब्यात शिल्लक होत्या. (तीन दिवसांत त्याला बरं वाटलं, म्हणून मीच बंद केल्या होत्या!) पुढे धाकटीला ताप भरला. बाहेर आपला कोल्हापूरचा पाऊस, त्यात माझी शाळा. म्हटलं, आहेत त्याच गोळ्या अर्ध्या करून देऊ. चार दिवस झाले तरी ताप हटेना. शेवटी रक्त तपासलं, तर टायफॉईड! डॉक्टर म्हणाले, "वहिनी, या जंतूची भिंतच निराळी. तुमची गोळी आत शिरणार कशी?"

जंतूला भिंत? मी बी.ए.ला मराठी घेतलेली, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं ते असं.

बॅक्टेरिया म्हणजे एकाच पेशीचा जीव. साखरेच्या साखळ्या आणि त्यांना जोडणारे प्रथिनांचे बारीक टाके, अशी त्याची भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी जंतू रंगवण्याची रीत काढली. आज ती अशी करतात: काचपट्टीवरच्या जंतूंना आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी तांबडा रंग द्यायचा. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसले ते ग्रॅम निगेटिव्ह.

असं का? पॉझिटिव्हची भिंत आजीच्या वाकळीसारखी, थरावर थर. रंग आत अडकून बसतो. निगेटिव्हची वाकळ पातळ, पण तिच्यावर मेणकापडासारखं आणखी एक स्निग्ध आवरण. अल्कोहोलने ते विरघळतं आणि रंग धुऊन जातो. जांभळे वाईट, गुलाबी चांगले असं मात्र काही नाही हं! दही विरजणारे जंतू जांभळे, आणि घसा सुजवणारेही जांभळेच. टायफॉईड, कॉलरा, प्लेग यांचे गुलाबी. क्षयाच्या जंतूचं आवरण इतकं मेणचट, की त्याला रंगवायची रीतच वेगळी आहे.

आता पेनिसिलिन. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो याच औषधासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. वाढताना जंतूला वाकळ उसवून पुन्हा टाके घालावे लागतात. पेनिसिलिन ते टाकेच घालू देत नाही. आत दाब मोठा, त्यामुळे जंतू फुटतो. घशाच्या जंतूची वाकळ उघडी, म्हणून तिथे हे औषध चालतं. टायफॉईडच्या जंतूचं मेणकापड त्याला बाहेरच अडवतं. सर्दीच्या विषाणूला तर अशी भिंतच नाही, मग हे औषध करणार काय?

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी ऐकवल्या. पेनिसिलिन एखाद्याला सोसत नाही, जिवावर बेतू शकतं, म्हणून ते आपल्या मनाने कधी द्यायचं नाही. आणि घशाचा डोस अर्ध्यावर सोडला, तर पुढे सांधेताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडण्याची भीती असते. ते ऐकून मला थोरल्याचीच काळजी लागली. त्याला दुसऱ्याच दिवशी तपासून आणलं, सगळं ठीक निघालं.

धाकटीला योग्य औषध मिळालं आणि ती उठून बसली. डबा रिकामा केला, तेव्हा नाव पुसलेल्या गोळ्यांची आणखी तीन पाकिटं निघाली. कुणाची, केव्हाची, देव जाणे!